स्टुटगार्टात तीन शिट्ट्या

आमच्या बॅगेत कुकर आहे हे मला मुंबईच्या विमानतळावर कळलं. काट्यावर बॅग अडीच किलो जास्त भरली. तिथेच फरशीवर उकिडवं बसून ती उघडली, तर माझ्या स्वेटरांच्या घडीत दुपट्यातल्या बाळासारखा तीन लिटरचा कुकर झोपलेला.

"अगं, जर्मनीत कुकर मिळत नाहीत का?"

"मिळतात. पण त्यांना शिट्टी नसते म्हणे. मग कळायचं कसं?"

काय कळायचं, हे विचारायची ती जागा नव्हती. मागे रांग होती. मी दोन्ही स्वेटर अंगात चढवले आणि मे महिन्याच्या मुंबईत घाम पुसत विमानात बसलो. कुकर मात्र बॅगेतून ऐसपैस आला.

मुलगी आणि जावई स्टुटगार्टला असतात. लिहायचं स्टुटगार्ट आणि म्हणायचं श्टुटगार्ट, हे सात वर्षांच्या नातीने पहिल्याच दिवशी बजावलं. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी-शहरं आहेत. बहिणी-बहिणींत इतका फरक मी फक्त आमच्या सासुरवाडीत पाहिला आहे.

कऱ्हाडात आमचा प्रीतिसंगमावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एक कंपू आहे. त्यातला जो जो परदेशी जाऊन येतो, तो तीन गोष्टी सांगतो: रस्ते चकाचक, माणसं शिस्तीची आणि जेवण बेचव. एवढं सांगायला तिकडे जायची गरजच नाही. मी न जाता वीस वर्षं हेच सांगत होतो. आता प्रत्यक्ष जायची वेळ आली, तेव्हा ठरवलं की काम पद्धतशीर करायचं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत. आमच्याकडे जे एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, चढत नाही ते झालंच नाही असं धरतात. (जे चढतं ते झालेलं असतंच असं नाही, पण तो वेगळा विषय आहे.) तेव्हा शंभर पानी वही घेतली, समास आखला आणि पहिल्याच संध्याकाळी पहिली नोंद चढवली:

"नोंद क्र. १. इथली माणसं आपल्यावर रागावलेली आहेत. कारण समजले नाही."

ही नोंद उगीच नव्हती. विमानतळावरून घरी येताना पिवळ्या ट्रामसारख्या गाडीत बसलो. डब्यात साठेक माणसं असतील. कऱ्हाड-सातारा एसटीत साठ माणसं चढली की निदान चौघांची सोयरीक निघते आणि दोघांचं भांडण. इथे हिने खोकल्याच्या गोळीचा कागद सोडला, तर त्या आवाजाने तीन माणसांनी वळून पाहिलं. हिने गोळी तशीच मुठीत धरली आणि घरापर्यंत खोकला दाबून ठेवला. तिकीट बघायला कोणी नाही, आत शिरायला अडसर नाही. "मग तिकीट काढतंय कोण?" मी विचारलं. जावई म्हणाले, "सगळेच. कधीतरी साध्या कपड्यातला तपासनीस येतो. तिकीट नसलं तर साठ युरो." मी युरोला शंभर रुपये धरून हिशेब केला आणि खिशातलं तिकीट चाचपलं. घर येईपर्यंत ते चाचपून चाचपून मऊ झालं होतं.

हे शहर एका खोलगट भांड्यात बसलंय. तिथले लोकही त्याला हंडाच म्हणतात. चारी बाजूंनी डोंगर, डोंगरावर शहराच्या हद्दीतच द्राक्षांचे मळे, आणि त्या मळ्यांत चढण्या-उतरण्यासाठी पूर्वी बांधलेले दगडी जिने. असे चारशेच्या वर जिने शहरात आहेत. त्यांत भर आमच्या मुलीच्या इमारतीतल्या जिन्याची. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिना जुना, लाकडी. पायरीगणिक कुरकुरणारी त्या इमारतीतली तेवढी एकच बोलकी वस्तू.

दुसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या खाली, एक बाई राहत. वय पंचाहत्तरीच्या पुढे, केस पांढरे आणि आखूड, कंबरेला एप्रन. पहिल्या दिवशी जिन्यात भेटल्या. मी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, पायपुसण्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. नोंद क्रमांक एकखाली मी साक्षीदार म्हणून त्यांची सही घ्यायची तेवढी बाकी होती.

आता पाण्याकडे येऊ, कारण माझी उभी हयात पाण्यात गेली आहे. जावयांनी पहिल्या रविवारी हॉटेलात नेलं. आमच्याकडे टेबलाशी टेकण्याआधी पाण्याचे पेले आदळतात, त्यात पोऱ्याची बोटं असली तरी पाणी फुकट असतं. इथे पाणी मागवावं लागतं. मागवलं, तर पाऊण लिटरची काचेची बाटली आली आणि उघडताच नागासारखी फुसकारली. सोडा! पोट बिघडल्यावर आपण जे पितो, ते हे लोक तहान लागल्यावर पितात. हिने एक घोट घेतला आणि पदर तोंडाला लावून अशी ढेकर दिली, की शेजारच्या टेबलावरच्या कुत्र्याने मान वर केली. कुत्रं हॉटेलात होतं, टेबलाखाली शहाण्यासारखं बसलेलं, आणि त्याला वाडग्यातून पाणी दिलं होतं. फुकट. बिनबुडबुड्यांचं.

घरी नळाचं पाणी थेट प्यायचं, असं मुलीने सांगितलं. हिचा विश्वास बसेना; तिने कऱ्हाडहून आणलेला गाळणीचा पंचा काढला. मी मात्र चौकशी केली. शहराला बरंचसं पाणी येतं ते शंभरेक किलोमीटरवरच्या बोडन सरोवरातून. त्यासाठीची संस्था १९५४ मध्ये निघाली आणि १९५८ मध्ये पाणी पोचलं. चार वर्षांत! मी तो आकडा वहीत दोनदा लिहिला आणि पुढे शेरा मारला: "भूसंपादनाचे काय केले?" शिवाय या शहरात खनिज पाण्याचे झरे इतके आहेत की युरोपात बुडापेस्टनंतर यांचाच नंबर. एका चौकातल्या तोटीतून तेही प्यायलो. चव गंजक्या बादलीची. पण रांगेत उभी म्हातारी माणसं भक्तिभावाने बाटल्या भरत होती, म्हणून मीही तीर्थ घेतल्यासारखं डोळ्यांना लावलं. थोडक्यात, नळाला चांगलं पाणी, चौकात औषधी पाणी, आणि विकत घ्यायला बुडबुड्यांचं पाणी. ज्याच्याकडे पाणी मुबलक असतं, त्यालाच असे चोचले परवडतात.

सूर्याने आमचा आणखी घोळ केला. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो रात्री साडेनऊला. हिचा आयुष्यभराचा नेम असा, की दिवेलागणीला देवापाशी दिवा लावायचा आणि मगच स्वयंपाकाला लागायचं. आता दिवेलागणच होईना. सहाला ऊन, सातला ऊन, आठला ऊन. ही निरांजन घेऊन खिडकीत उभी. शेवटी तिने कऱ्हाडच्या वेळेने दिवा लावायला सुरुवात केली, म्हणजे दुपारी साडेतीनला. देवांनाही वेळेतल्या फरकाचा त्रास झाला असणार, पण ते बोलले नाहीत. तिथे राहून तेही गप्प झाले असावेत.

संध्याकाळच्या जेवणाला तिथे म्हणतातच "संध्याकाळचा पाव". गरम काही नाही. पाव, लोणी, चीज, काकडी. पाव म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मिसळीबरोबरचा लुसलुशीत पाव आला. समोर आला तो नदीतल्या गोट्यासारखा. सुरी चालेना, म्हणून हिने विळी मागितली. त्या देशात पावाचे तीन हजारांवर प्रकार आहेत, आणि २०१४ मध्ये त्यांनी ती पावसंस्कृती राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातली, असं जावई कौतुकाने सांगत होते. मी म्हणालो, "वारसा ठीक आहे, पण तो चावायचा कोणी?" माझी खालची कवळी कऱ्हाडातच बसवलेली; तिचा या पावांशी कसलाच करार नव्हता. चौथ्या दिवशी हिने आमटी केली आणि मी तो राय नावाच्या धान्याचा काळा पाव आमटीत कुस्करला. घास तोंडात घेतला आणि थबकलो. शिळी भाकरी! आंबूस, जाडसर, पोटाला धीर देणारी आमची शिळी भाकरी. तीन हजार प्रकारांतला एक तरी आपल्या गोत्रातला निघाला. मग मी तो रोज खाल्ला आणि त्याला पाव म्हणायचं सोडलं.

एक पदार्थ मात्र पहिल्या घासालाच मनात भरला. ब्रेत्सल. बाहेरून तांबूस, मीठ लावलेला, पोटाशी जाड आणि हात बारीक. ते दोन्ही हात छातीवर दुमडलेले. आमचे प्राथमिक शाळेतले मास्तर ओरडायचे, "हाताची घडी, तोंडावर बोट!" त्यातली हाताची घडी या देशाने पिठात वळून दुकानात मांडली आहे, तोंडावरचं बोट ज्याने त्याने घरून आणायचं.

आम्ही गेलो त्या हंगामात तिथे पांढऱ्या शतावरीचा उत्सव चालू होता. तिला श्पार्गल म्हणतात. कोंब मातीच्या वरंब्याखाली वाढवतात, ऊन लागू देत नाहीत, म्हणून ती गोरी राहते. किलोला बारा-पंधरा युरो. चोवीस जूनला हंगाम संपतो, आणि तोवर माणसं आपल्याकडे पाऊस पडायच्या आत हापूसच्या पेट्या गाठतात तशी मंडईत धावतात. मुलीने हौसेने आणली. सोलली, उकडली, वर लोणी ओतलं, शेजारी उकडलेले बटाटे. हिने ती हातात धरून शेवग्याच्या शेंगेसारखी दातांनी ओढली. मी सावकाश चावून पाहिलं. चव होती, नाही असं नाही. शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीतून ऐकू यावं, तशी होती. हिने उरलेल्या अर्ध्या किलोचं दुसऱ्या दिवशी सांबार केलं. पंधरा युरो किलोची शतावरी चिंचेच्या पाण्यात पोहताना पाहून जावयांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तीन वाट्या त्यांनीच संपवल्या.

खरा पेच आला तो माउलटाशनचा. हे तिथलं मानाचं पक्वान्न; करंजीचा चौकोनी चुलतभाऊ, उकडलेला. हिचा सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन्ही एकादश्या. अंडं एरवी चालतं, मांस कधीच नाही. मुलीने दाखवलं, "बघ आई, बाहेरून हिरवी पालेभाजी दिसते." मग नातीने शाळेत ऐकलेली गोष्ट सांगून टाकली. म्हणे फार पूर्वी माउलब्रोनच्या मठातल्या साधूंना उपासाच्या दिवसांत कुठून तरी मांस मिळालं. टाकवेना आणि खाताही येईना. मग त्यांनी ते बारीक करून पालेभाजीत मिसळलं आणि कणकेत गुंडाळलं, देवाला दिसू नये म्हणून. त्या भागात या पदार्थाला अजूनही "देवाला फसवणारे" अशा अर्थाचं नाव आहे. ही ऐकून उठलीच.

"देवाला दिसत नसेल. मला दिसतं ना!"

हिची ताटली माझ्याकडे सरकली. दोन ताटल्या संपवताना माझ्या मनात एवढंच आलं, की उपासाच्या पळवाटा काढण्यात आपणच पुढे आहोत हा माझा समज खोटा ठरला. साबुदाण्याचे वडे तळणाऱ्या धर्माने माउलब्रोनच्या साधूंना नावं ठेवू नयेत.

हिचं मन त्या देशात पहिल्यांदा रमलं ते एका यंत्रापाशी. दुकानातून प्लास्टिकची बाटली घेतली की तिच्यावर बहुधा पंचवीस सेंट अनामत. रिकामी बाटली आणून भिंतीतल्या भोकात घातली की यंत्र ती गिळतं आणि पैशांची चिठ्ठी देतं. पंचवीस सेंट म्हणजे पंचवीस रुपये! आमचा कऱ्हाडचा भंगारवाला पंचवीस रुपयांत आख्खी रद्दी नेतो आणि वर पाणी मागतो. ही त्या यंत्रापुढे देवळात उभी राहावी तशी उभी राहू लागली. पुढे तिची नजर बागेतल्या कचराकुंड्यांकडे वळली. कुंड्यांच्या कडेला बाटल्या आपल्या ओळीने मांडून ठेवलेल्या. दोन तिने पिशवीत टाकल्यासुद्धा. मुलगी हळूच म्हणाली, "आई, त्या मुद्दाम बाहेर ठेवतात. ज्यांना गरज असते ते गोळा करून नेतात. त्यांना कुंडीत हात घालावा लागू नये म्हणून." ही एक शब्द बोलली नाही. परत गेली, दोन्ही बाटल्या होत्या तशा ठेवल्या, पर्समधली आमची एक काढली आणि तीही त्यांच्याशेजारी ठेवली. तिने दिवसभर त्या यंत्राचं नाव काढलं नाही.

आणि मग आली आषाढी एकादशी. नेमकी रविवारी.

जर्मनीतला रविवार हा वार नाही, ती एक घटनात्मक संस्था आहे. हे मी विनोदाने म्हणत नाही. १९१९ सालच्या त्यांच्या राज्यघटनेत रविवार हा विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राखून ठेवला, आणि १९४९ च्या घटनेने ते कलम जसंच्या तसं चालू ठेवलं. दुकानं बंद. भिंतीला भोक पाडायचं नाही. काचेच्या बाटल्या चौकातल्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळ असा आवाज होतो. मनाची उन्नती आवाज न करता करायची. शनिवारीच साबुदाणा, दाणे, बटाटे आणून ठेवले होते. सकाळी सात वाजता, शहर उन्नत होत असताना, हिने बटाट्यांचा कुकर चढवला.

पहिली शिट्टी झाली.

मी कऱ्हाडात गेली कित्येक वर्षं सकाळी पाच-पंचवीस शिट्ट्या ऐकतो. कुठली कोणाच्या घरची हे मला झोपेत कळतं. पण शिट्टी ही एवढी मोठी गोष्ट आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्या शांततेत ती अशी वाजली, की सह्याद्री एक्स्प्रेस थेट स्वयंपाकघरातून गेली. दूर कुठेतरी कुत्रं भुंकलं. समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडली. दुसऱ्या शिट्टीला मुलगी झोपेतून धावत आली, "आई, बंद कर!" ही म्हणाली, "अगं, दोनच झाल्यात. तीनला शिजतात." तिसरी झाली आणि दारावरची घंटा वाजली.

खालच्या बाई. रविवारी सकाळीही कंबरेला एप्रन. मुलीशी जर्मनमध्ये बोलल्या. मला वाटलं, आता साठ युरो. नातीने भाषांतर केलं, "आबा, त्या विचारतायत, सगळं ठीक आहे ना? कसला धोक्याचा इशारा आहे? आग लागली का?"

हिने बाईंना हाताला धरून आत आणलं. कुकर दाखवला. वाफ जिरल्यावर झाकण काढून बटाटे दाखवले. बाईंनी सुरीचं टोक एका बटाट्यात घालून पाहिलं. मग हिने त्यांना डबाभर साबुदाण्याची खिचडी दिली, वर लिंबाची फोड. बाईंनी डब्यात पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी डबा दाराबाहेर होता. घासलेला, पुसलेला, लखलखीत. आणि रिकामा! चिठ्ठी नाही, चपाटी नाही. हिला ते फार लागलं. "एक वेळ साखरेची चिमूट घालावी, पण डबा रिकामा परत करतं का कोणी? आवडली नाही तर नाही, तोंडाने सांगायचं तरी." मी वही उघडून नोंद क्रमांक एकखाली दुसरी रेघ ओढली.

त्याच आठवड्यात आमच्या दाराला एक पाटी लटकली. मला वाटलं, खिचडीचं काहीतरी. पाटीवर लिहिलं होतं "केरवोखे". जावयांनी फोड करून सांगितली: वोखे म्हणजे आठवडा, आणि केर म्हणजे, काय योगायोग, केरच! ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा आणि मग पाटी शेजाऱ्याच्या दाराला लावायची. शहर स्वच्छ ठेवण्याचा नियम स्टुटगार्टात १४९२ पासूनचा आहे म्हणतात. म्हणजे कोलंबस भारत शोधायला निघाला, त्या साली हे लोक केर काढायचे नियम करत होते. कोलंबस भलतीकडे पोचला. पाळी मात्र बरोबर आमच्या दाराशी येऊन ठेपली.

"हे काम माझं," मी जाहीर केलं. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी प्रथमच माझ्याकडे कुणी अधिकृत पाटी लावून कार्यभार सोपवला होता. सगळे बाहेर गेल्यावर मी मोठी बादली भरली आणि, पाटबंधारे खात्यातला माणूस, वरच्या पायरीवरून आवर्तन सोडलं.

पाणी नियोजनापेक्षा वेगाने खाली गेलं. लाकडी जिना, ओलाव्याची त्याला सवय नाही. तो प्रत्येक पायरीला विव्हळला. ओघ दुसऱ्या मजल्यावर पोचला, तेव्हा बाईंचं दार उघडलं. त्या दिवशी मात्र त्या बोलल्या. बरंच बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता: कालवा फुटल्यावर शेतकरी याच सुरात बोलतात. मग त्यांनी फडकं आणलं, घट्ट पिळलं आणि एक पायरी पुसून दाखवली. कडेपासून मधे, मग कठड्याचे गज, मग पायपुसणं उचलून खालचा चौकोन. फडकं माझ्या हातात दिलं आणि त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आमच्या अधीक्षक अभियंत्यांची आठवण झाली.

पुढची पाळी आली, तेव्हा मी सकाळी दीड तास घालवला. एकेक गज पुसला. बाई बाहेर आल्या. वाकल्या. कठड्याखालून एक बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेल्या.

रात्री जेवताना मी तक्रार मांडली, "एवढं राबलो, पण एका शब्दाने माणूस बरं म्हणेल तर शपथ."

मुलगी हसायला लागली. "बाबा, अहो, पास झालात तुम्ही! इथल्या श्वेबिश लोकांची म्हणच आहे, की रागावलो नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. चांगलं असलं की ते बोलत नाहीत. बिघडलं तरच बोलतात. आई, तुझी खिचडीसुद्धा त्यांना आवडली असणार. नाहीतर डबा चाटूनपुसून परत आला असता का?"

टेबलावर शांतता पसरली. ही भात वाढता वाढता थांबली. माझ्याकडे वळली आणि फार सावकाश म्हणाली,

"म्हणजे यांनी अडतीस वर्षं माझं कौतुकच केलं म्हणायचं. मला मेलीला कळलंच नाही."

जावयांना ठसका लागला. मी पाणी प्यायलो. बिनबुडबुड्यांचं होतं, तरी घशात अडकलं. कारण खरं होतं. अडतीस वर्षांत मी जेवताना तोंड उघडलंय ते "मीठ कमी आहे" किंवा "आज काय तिखट संपलं होतं का?" एवढ्यासाठीच. आमटी उत्तम झाली, तर मी ती मुकाट्याने ओरपली. माझे वडीलही तसेच आणि त्यांचे वडीलही. आमच्या वाड्यातल्या चार पिढ्या श्वेबिश होत्या, फक्त जर्मन येत नव्हतं.

जुलैच्या शेवटी बाईंनी हिला खाली बोलावलं. मी आणि नात, दुभाषे म्हणून. ओट्यावर पीठ भिजवलेलं होतं: मैदा, अंडी, पाणी, मीठ, हाताला चिकटेल इतकं सैल. चुलीवर पाणी उकळत होतं. बाईंनी फडताळातून दोन दांड्यांचं एक लोखंडी यंत्र काढलं, त्यात पीठ भरलं आणि उकळत्या पाण्यावर धरून दाबलं. बारीक छिद्रांतून पिठाचे धागे पाण्यात उतरू लागले.

"अगंबाई, सोऱ्या!" ही ओरडली.

बाई दचकल्या. हिने त्यांच्या हातातून यंत्र घेतलं, छिद्रं डोळ्यांसमोर धरून पाहिली, जाळी काढून उलटी केली, परत बसवली. मग दोन्ही दांड्या दाबून असा घाणा पाडला, की धाग्यांची लांबी एकसारखी. बाईंनी झाऱ्याने वर तरंगलेले धागे उचलून निथळले. हिने उभ्या उभ्या हातवारे करून त्यांना शेव, कुरडया, चकली, सगळा दिवाळीचा फराळ समजावला. बाईंनीही हातवारे करून सांगितलं, की हे यंत्र त्यांच्या आईचं. भाषा कोणालाच येत नव्हती आणि नातीला भाषांतराला कोणी विचारत नव्हतं.

मग जेवायला बसलो. श्पेट्सले, म्हणजे तेच पिठाचे धागे, आणि त्यावर मसुरासारख्या डाळीची आमटी. हिच्यासाठी तिच्यातले सॉसेज वगळलेले. आमटीत व्हिनेगर. फोडणी नाही, हिंग नाही, मिरची नाही. आंबट आणि गुळचट. मी हिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. अडतीस वर्षांच्या संसारात मला तो चेहरा वाचता येतो. तिच्या ओठांवर "थोडी फोडणी दिली असती ना" हे वाक्य आलेलं मला दिसलं. तिने ते गिळलं. पुढचा घास घेतला. ताट स्वच्छ केलं. एक शब्द बोलली नाही.

बाईंचा चेहरा असा उजळला, की मी त्यांना तीन महिन्यांत तसं पाहिलं नव्हतं. त्यांनी हिला आणखी वाढलं.

ऑगस्टात आम्ही परतलो. हिने कुकर मुलीकडे ठेवला. पण शिट्टी काढून बरोबर आणली, कारण नाहीतर रविवारी पुन्हा आगीची शंका यायची. ती आता आमच्या फडताळात आहे. प्रीतिसंगमावर कंपूने विचारलं, "काय, कसं काय तिकडे?" मी वही काढली. नोंद क्रमांक एक खोडून त्यावर आडवी सही केली होती आणि समासात खुलासा लिहिला होता: "पाहणीत चूक. माणसं रागावलेली नाहीत. संतुष्ट आहेत." कंपूला ते पटलं नाही. त्यांना रस्ते चकाचक आहेत का, एवढंच ऐकायचं होतं. आहेत, म्हणालो.

त्या रात्री हिने कटाची आमटी केली होती. मी ठरवूनच बसलो होतो. दोन भुरके मारले, घसा खाकरला आणि अडतीस वर्षांत प्रथमच म्हणालो,

"आमटी फार छान झालीये हं."

हिच्या हातातला डाव तसाच राहिला. माझ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावून ताप बघितला.

"काय झालं? मीठ पडलं नाही का?"

आणि उठून मिठाची बरणी घेऊन आली. मी बरणी बाजूला सारली, मान खाली घातली आणि उरलेली आमटी एक शब्द न बोलता संपवली.

हिने आणखी दोन डाव वाढले.